इंगेनुइन खाली उतरला

१८ जून १९७४

पोहोचलो एकदाचा. पाठीवर अठरा किलो, साडेचार तासांची चढण, तरी मन कसं प्रसन्न आहे. इन्सब्रुकला गिर्यारोहण मंडळाच्या कचेरीत नऊ वर्षं मी दुसऱ्यांनी चढलेल्या वाटांची वर्णनं दुरुस्त केली. आता सप्टेंबरपर्यंत हे डोंगरावरचं विश्रामघर माझं. समोर तीन तळ्यांपैकी मधलं, त्यात कोसळणारा धबधबा, त्याच्या कडेने कातळात ठोकलेल्या लोखंडी पायऱ्या. त्या चढल्या की वरचं तळं, आणि पुढे खिंड.

जुना रखवालदार सेराफीन आठवडाभर राहून मला काम शिकवणार आहे. हजार मीटरच्या वर आपल्याकडे सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, हे कबूल. पण त्याचं पहिलंच वाक्य, "काय रे कचेरीवाल्या, फोड आले का पायाला?" आले होते. मी सांगितलं नाही.

दारापाशी वही आहे. येणाऱ्याने नाव आणि पुढे कुठे जाणार ते लिहायचं, आणि डोंगर उतरताना आपलं नाव आपणच खोडायचं. सेराफीनने मलाही लिहायला लावलं. गेबहार्ड लेखथालर, जाणार: कुठेही नाही.

२० जून

वरच्या तळ्याची वाट तपासून आलो. सेराफीनचं वर्णन असं: उजव्या काठाने जा, रुसलेल्या गाईसारखा दगड लागेल, तिथे ओढा ओलांड. चाळीस वर्षं लोक या अशा वर्णनावर भरवसा ठेवून चालले, आणि बहुतेक परतले, हे नवलच. मी ठिकठिकाणी लाल-पांढरे पट्टे मारले.

दुपारी म्युनिकचे चौघे आले. बूट कोरे करकरीत, अक्कलही तशीच, अजिबात न वापरलेली. वरच्या तळ्यावर बिअर मिळते का, असं विचारत होते. मी म्हटलं, मिळते, पण ग्लास आपला न्यावा लागतो. एकाने खरंच ग्लास घेतला.

२४ जून

सेराफीन गेला. जाण्याआधी चष्मा लावून, जीभ दातांत धरून, वहीतलं स्वतःचं नाव त्याने खोडलं. मला हसू आवरेना. तो शांतपणे म्हणाला, "हस बाबा. पण ज्याचं नाव उघडं, तो डोंगराचा. खोडलं की खालच्यांचा. आणि दुसऱ्याचं कधी खोडू नको."

मग पहिलं पान दाखवलं. इंगेनुइन प्लाटनर, ९ ऑगस्ट १९३७, जाणार: वरचं तळं, खिंड. हा माणूस परतला नाही, सापडलाही नाही. दर वर्षी नवी वही आली की पहिल्या पानावर त्याचं नाव पुन्हा उतरवतात. त्याची बायको नोटबुर्गा खाली दरीत सामानाचा तारेवरचा पाळणा चालवते. रोज सकाळी फोन करून पाव किती पाठवू विचारते, आणि ठेवण्यापूर्वी आणखी एक प्रश्न: "कोणी उतरलं का रे?" मला वाटायचं, पाहुण्यांची चौकशी करते. सदतीस वर्षं एकाच प्रश्नात घालवली बाईने. अशा माणसांची कीव करावी म्हणतात. मला तेवढा वेळ नाही.

पुढच्या महिन्यात मंडळाचे लोक पाहणीला येणार. पहिल्याच पानावर मेलेला माणूस ‘अजून वर’ असलेला त्यांनी पाहिला तर अब्रू माझी जाणार, सेराफीनची नाही. संध्याकाळी पट्टी लावून लाल शाईने नाव खोडलं. पुढे लिहिलं: उतरला. हात झटकले आणि मटणाचा रस्सा गरम केला.

२७ जून

तीन दिवस धुवांधार पाऊस. पाहुणा एक नाही. तरी काल घासलेल्या फरशीवर खिळ्यांच्या बुटांचे ठसे आहेत, दारापासून वहीपर्यंत. असे बूट आता कोण घालतं? सेराफीनचाच चावटपणा असणार. म्हाताऱ्याला घरी करमत नसेल.

ठसे पुसले. जेवून आलो तर पुन्हा ओले.

२८ जून

आज दुपारी तो शेगडीशेजारच्या बाकावर बसला होता. दार वाजलं नाही. वय फार तर सव्वीस. खांद्यावर तागाचा दोर, मांडीवर टोपी. शेगडी धडधडत होती आणि त्याचे कपडे वाळत नव्हते. बाहीतून पाणी गळत होतं, सारखं, एका लयीत.

मी दरडावून विचारलं, कुठून आलास. म्हणाला, वरून. पायऱ्यांवर कुणीतरी रंग फासलाय, त्याच्या मागे मागे आलो. मग अगदी नम्रपणे विचारलं, "माझं नाव तूच खोडलंस ना? मग आता मी जातो. बायको वाट बघत असेल."

मी म्हटलं, सोंगं पुरे, सेराफीनने किती दिले? त्याला ते कळलं नाही. त्याने माझा हात हातात घेतला, आभार मानायला. कोपरापर्यंत अजून बधिर आहे.

तळ्याच्या काठाने उतरत गेला. मी खिडकीतून पाहिलं. पाऊस त्याच्यावर पडत नव्हता. तो आधीच —

२९ जून

सकाळी नोटबुर्गाचा फोन. हसते की रडते, कळेना. तो घरी आलाय. जेवत नाही, चुलीपाशी बसून गळतो, ती बादल्या लावते. पण आलाय. तिला ती खोडलेली रेघ डोळ्यांनी पाहायची होती. वही पाठव रे, एवढं कर, दहा वेळा म्हणाली.

तिची रडगाणी ऐकून कान किटले. दुधाच्या रिकाम्या कॅनांबरोबर वही पाळण्यात घातली आणि खाली सोडली. ब्याद गेली.

१ जुलै

पाव आला नाही. पाळणा बंद. सकाळी गावात जायला निघालो. वाट माझी पाठ आहे, मीच ती दुरुस्त करून छापली आहे. खालचं तळं, मग जंगल, मग गाव.

दोन तास उतरलो. उताराला गुडघे दुखले. मग झाडं संपली आणि समोर धबधबा. लोखंडी पायऱ्या. माझे पट्टे.

धुकं होतं. चुकलो असेन. मी, चुकलो.

२ जुलै

तीनदा. ओढ्याच्या कडेने उतरलो, पाणी तर खालीच जातं ना — तरी मधलं तळं. शेवटी वरचं. उतरत उतरत वरचं तळं.

माझं नाव उघडं आहे. वही खाली आहे.

नोटबुर्गाला फोन लावला. वही पाठव म्हटलं. ती नाही म्हणाली. निदान तू खोड म्हटलं. म्हणाली, दुसऱ्याचं खोडायचं नसतं. मग माझं डोकं फिरलं. म्हातारे, मुकाट्याने वही पाठव, नाहीतर हाती लागेल त्या पहिल्या कागदावर तुझ्या नवऱ्याचं नाव पुन्हा लिहीन, बघच मग.

असं म्हणालो. असं नको होतं —

तिकडे बादलीत थेंब पडत होते.

३ जुलै

लिहून पाहिलं. इंगेनुइन प्लाटनर, रोजनिशीच्या पानावर, पिठाच्या पिशवीवर, भिंतीवर. काही होत नाही. वहीच हवी.

बुटांत पाणी. ओततो, पुन्हा भरतं. शेगडी पेटलेली आहे आणि बाही —

४ जुलै

फोन लावला. रडलो. माफी मागितली, बाई म्हटलं, आई म्हटलं.

ती चिडली नाही. समजूत घालत होती, पोराला घालावी तशी. म्हणाली, "घाबरू नको. दर वर्षी नव्या वहीत पहिल्या पानावर तुझं नाव मी स्वतः लिहीन. सुंदर अक्षरात. कुणाला खोडू देणार नाही."

मागून त्याने विचारलं, कोण आहे.

ती म्हणाली, "कोणी नाही. तू जेव."

फोन —

५ जुलै?

बाकावर बसलोय. खाली बादली हवी होती. शाई पसरते, अक्षर राहत नाही. मी वर नाही, मी इथे आहे, विश्रामघरात, शेगडीशी, माझं नाव गेब