विहिरीकडची मोकळी बाजू

आबा, भाऊ फौजेतून कायमचा घरी आला त्याला दीड वर्ष झालं. तुम्ही फौज सोडून आलात तेव्हाचं मला थोडंथोडं आठवतं. तुम्ही भिंतीला पाठ लावूनच जेवायचात, आणि कुठे भांडं पडलं की आई आधी तुमच्याकडे बघायची. आता भाऊ तसाच जेवतो आणि आई तशीच बघते.

मागच्या महिन्यात त्याने केळीच्या बागेत सुतळी बांधायला घेतली. घड भरला की झाड कलतं, म्हणून सगळेच बांधतात. त्याचं मन कामात लागलं असं समजून मीच यावलहून सुतळीची बंडलं आणून दिली. मग एक दिवस मजुरीने पानं कापायला आलेली अक्का सरीत अडखळून पडली. उठून म्हणाली, "केयीले कोनी घोट्यापाशी बांधते का रे भाऊ?" भाऊ शांतपणे म्हणाला, "कोनी आलं तं समजलं पाह्यजे." मी वाकून पाहिलं. प्रत्येक सरीत, एकाच उंचीवर सुतळी ताणलेली, टोकाला रिकामा डबा. विहिरीकडची बाजू तेवढी मोकळी होती.

कान तपासायचे असं सांगून मी त्याला जळगावला, माजी सैनिकांच्या दवाखान्यात नेलं. मनाच्या डॉक्टरांनी छापील कागद भरायला दिला. भाऊ म्हणाला, "यालेच द्या. शाळा सोडली, पन काना-मात्रा नाही सोडली यानं." झोप, दचकणं, राग, सगळं मी खरं लिहिलं. शेवटचा प्रश्न होता : घरात पूर्वी कोणी आत्महत्या केली आहे का? तुमचा पाय घसरला, असं आई आजही सांगते. पण विहिरीच्या काठावर तुमच्या चपला जोडीने ठेवलेल्या मी पाहिल्या होत्या. भाऊ माझ्या खांद्यावरून वाचत होता. मी 'नाही' लिहिलं. डॉक्टरांनी कागद वाचून गोळ्या दिल्या आणि पंधरा दिवसांनी बोलावलं.

परतताना एसटीत भाऊने विचारलं, "आबाचं कामून नाही लिह्यलं?"

"त्यांचा पाय घसरला होता."

"हां," म्हणाला, आणि यावल येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला.

तारखेला अजून सहा दिवस आहेत. काल मी दवाखान्यात फोन लावला. पलीकडून 'बोला' ऐकू आलं आणि मी फोन ठेवून दिला. आबा, शेवटच्या प्रश्नातला तो शब्द मला अचूक लिहिता येतो. तोंडाने मी तो अजून एकदाही म्हटलेला नाही.