तारीख कोण फोडतंय?

मंगळवार, ४

आज घडलं ते, क्रमाने:

१. अकराच्या सुमारास फायबरच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात पोचले. तारीख फक्त दोघींना माहीत होती – मला आणि तिथल्या नर्सला.
२. फवारणीच्या शेडमधले सगळे एक्झॉस्ट पंखे सुरू. एकाचा पट्टा कोरा करकरीत.
३. अर्धे साचे रिकामे.
४. हवा मोजली. रेझिनची वाफ मर्यादेच्या आत. आरामात आत.
५. माणसांच्या मास्कची चाचणी घेतली. डोक्यावर टोपडं चढवायचं, आत कडू फवारा मारायचा; जिभेला कडू लागलं तर मास्क गळतो. सगळे पास.
६. मॅनेजर म्हणाला, "या मॅडम, वाटच बघत होतो!"

सहावा मुद्दा मला पुरतो. मागच्या खेपेलाही हेच झालं होतं. एकदा योगायोग. दोनदा नाही.

बुधवार, ५

उपक्रम कागदावर छान आहे. कारखान्यातल्या नर्सने आजार कळवायचे, आमच्या सुरक्षा कार्यालयाने हवा मोजायची. सरकार आणि नर्स, हातात हात! पण सिस्टरांचा पगार कारखाना देतो. खाल्ल्या मिठाला कोण जागत नाही?

मग गनवाल्याबद्दल त्यांनी आपणहून का कळवलं? तो रेझिन फवारायची गन चालवतो. हल्ली त्याला निळा आणि हिरवा वेगळा ओळखता येत नाही. या वाफेने असं होतं. – संशय येऊ नये म्हणूनच कळवलं असेल. एक खरं पुढे केलं की मागचं झाकलं जातं.

आकडा मर्यादेच्या वर गेला तरच मला शेड बंद करता येते. आकडा येत नाही. गनवाला रोज तिथेच श्वास घेतो.

जेवताना आई म्हणाली, "मीठ मोजून घालतेस ते ठीक आहे गं. माणसंही चमच्यानेच मोजतेस!"

मीठ बरोबर होतं.

शुक्रवार, ७

सापळा लावला. पुढची तारीख, बुधवार, फक्त सिस्टरांना फोनवर सांगितली. ऑफिसात कोणाला नाही, साहेबांनाही नाही. ड्रायव्हरला त्या दिवशी गाडीत बसल्यावर सांगेन.

नेहमीची सूचनाही दिली – चाचणीला येणाऱ्यांनी घरून दाढी करून यावं. खुंट असले की मास्क चेहऱ्याला नीट बसत नाही.

सिस्टर हसल्या. "करतील हो! त्यांच्या बायका तुमच्यावर खूश आहेत. म्हणतात, मॅडमना दर आठवड्याला बोलवा."

फार मोकळं हसतात. मला तेच खटकतं.

बुधवार, १२

पुन्हा तेच! पंखे सुरू, साचे अर्धे, हवा स्वच्छ. मॅनेजरने चहा आधीच सांगून ठेवलेला. कपसुद्धा मोजून – ड्रायव्हरचा धरून.

मास्कच्या रांगेत थट्टा चालली होती. "अरे, नवरदेवांची रांग लागलीय!" "नवरी एकच, आणि तिच्या हातात कडू पाणी!" मी हसले नाही. ते आणखी हसले.

गनवाल्याला सिस्टरांच्या खोलीत बसवलं होतं. समोर रंगीत गोल चकत्या, छटांप्रमाणे ओळीत लावायच्या. त्याने निळ्यात हिरव्या घुसवल्या आणि समाधानाने मागे टेकला. "झाल्या बरोबर, ताई."

सिस्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग माझ्याकडे बघून हळूच, "महिन्याभरापूर्वी हा एवढं चुकत नव्हता."

निघताना पाहिलं – सिस्टर आणि मॅनेजर दाराशी बोलत होते. मी जवळ गेले तसे गप्प झाले. बस, एवढंच हवं होतं.

गुरुवार, १३

साहेबांकडे गेले. सिस्टरांना उपक्रमातून काढा म्हटलं.

"पुरावा?"

"तारीख दोघींनाच माहीत होती. त्यातली मी नाही."

साहेबांनी चष्मा पुसला. "हिशेब सरळ आहे तुझा. माणसं एवढी सरळ नसतात." पण कारखान्याला द्यायच्या पत्राचा मसुदा मला करायला सांगितला. अचूकपणासाठी मी एक वाक्य घातलं: गनवाल्याच्या आजाराची माहिती याच नर्सने आमच्या कार्यालयाला दिली होती. मॅनेजरला ते सिस्टरांनी सांगितलंच असणार. त्यात लपवायचं काय?

शुक्रवार, १४

पत्र टपालात पडलं. सोमवारी दुपारी पोचेल.

शनिवार, १५, सकाळ

दादा चहाला आला तो दाढी काढून. तीन वर्षांची दाढी! आईने मान वर केली, एकदाच पाहिलं आणि विचारलं, "मुलाखत कुठे आहे रे?"

दादा उडालाच. "तुला कोणी सांगितलं? मी कोणाला बोललो नव्हतो!"

"सांगायला कशाला हवं? तोंडावर लिहिलंय की."

माझा चहा तसाच राहिला.

सात वाजता पाळी सुरू होते. फाटकातून सगळी शेड गुळगुळीत चेहऱ्यांनी आत जाते. मॅनेजर तिथेच उभा असतो. मी पोचते अकराला.

शनिवार, संध्याकाळ

सिस्टरांनी फोन उचलला नाही. हे पाठवलं – शब्द तेच, इथे उतरवून ठेवते:

"सिस्टर, आमच्या येण्याची तारीख फुटत होती. तुम्ही फोडत नव्हतात. मी फोडत होते. दाढीची सूचना माझी होती, आणि मॅनेजर ती फाटकावर वाचत होता. तुमच्यावर संशय घेऊन मी पत्र लिहिलं. गनवाल्याचं तुम्ही कळवलंत, हेही त्यात आहे. सोमवारी दुपारच्या टपालात ते मॅनेजरला मिळेल.

सोमवारी सकाळी, त्याआधी, मी हवा मोजायला येऊ शकते. मास्कची चाचणी नाही. दाढी कोणी करायची नाही. पंखे बंद सापडतील, साचे भरलेले सापडतील. पण पत्र हातात पडलं की मला तुम्हीच बोलावलं असं तो धरून चालेल, आणि तुमची नोकरी जाईल. म्हणून तुम्हाला विचारल्याशिवाय येणार नाही.

येऊ का? उद्या, रविवारी संध्याकाळपर्यंत कळवा."