सोनबाने पथ्य मोडले नव्हते

प्रति,
मा. आरोग्याधिकारी साहेब,
जिल्हा पुणे

विषय : पथ्याचे जिन्नस रोग्यास दाखवून सांगण्याबाबत.
संदर्भ : दवाखान्याच्या डॉक्टरसाहेबांशी गेल्या मंगळवारी भर दुपारी झालेले बोलणे.

महोदय,

हातातली कामे घटकाभर सारून साहेबांनी अर्जदाराच्या जवळ बसावे. कीर्तनात बुवा आख्यान लावतात तसे एक सांगायचे आहे. ते ऐकल्याखेरीज मागणी ध्यानात यायची नाही.

१. अर्जदाराचा धाकटा भाऊ सोनबा पिंपरीकडे नव्या कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी लागला. त्याआधी मोट हाकणारा, दिवसभर पायांवर असणारा गडी. आता स्टुलावर बसून राहू लागला आणि येणारा-जाणारा "घ्या पाटील" म्हणून गोडमिट्ट चहा पाजू लागला. अंगाने सुटला तेव्हा घरचे सुखावले, नोकरी मानवली म्हणाले. पुढे तहान भागेना, डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. म्हणून तो दवाखान्यात गेला.

२. पोचेतो तिथे कंदील लागला होता. लघवी तपासून डॉक्टरसाहेब म्हणाले, "आजपासून गोड बंद." सोनबाने विचारले, "चवीपुरतं बी न्हाई का?" उत्तर आले, "चवीपुरतंसुद्धा नाही." डॉक्टरसाहेब शहरातले. आमच्या घरात दिवेलागण झाली की मिठाचे नाव तोंडाने घेत नाहीत, लक्ष्मी रुसते म्हणतात. मग निजेपर्यंत मिठाला 'गोडं' म्हणायचे. सोनबाने तेच ऐकले, आणि घरी येऊन बायकोला, शालनबाईला, तेच सांगितले.

३. त्या माउलीने मीठ बंद केले. आमटी अळणी, भाकरी अळणी. घास उतरेना म्हणून हातावर गुळाचा खडा द्यायची. सोनबा कीर्तनात टाळ धरून उभा राही; शिऱ्याचा प्रसाद वाढताना बाया म्हणत, "द्या त्येला जादा, बिचारा अळणी खातोय." सारा गाव माया करीत होता, साहेब, आणि तो त्या मायेनेच खचत गेला.

४. वहाण लागून पायाला जखम झाली. ती भरेना, काळी पडली. डॉक्टरसाहेब चिडले, "पथ्य मोडलंस!" सोनबा गळ्यातल्या माळेला हात लावून म्हणाला, "इठोबाची आण, चवीपुरतं बी खाल्लं न्हाई." साहेब म्हणाले, "माळ घालून खोटं बोलतोस?" जखमेपेक्षा ते त्याला लागले. भाद्रपदात गेला.

५. मंगळवारी डॉक्टरसाहेब देवी टोचायला गावात आले. अर्जदाराच्या ओसरीवर बसून हळहळले, "गूळ-साखर सोडली असती, तर आज असता." तेव्हा उलगडा झाला. शालनबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. त्या दिवसापासून तिने अन्न टाकले आहे. आमची आई आक्काबाई ताट पुढे ठेवते, तर शालनबाई म्हणते, "आत्याबाई, ह्यातलं कंचं गोड, मला आता कळंना."

सबब विनंती की,

(अ) दर दवाखान्यात टेबलावर मीठ आणि गूळ ठेवावा व बोट लावून सांगावे. सुरुवातीपुरते सोबत पाठवले आहे.

(ब) दिवेलागणीनंतर मिठाला मीठ म्हणावे असा सरकारी हुकूम काढावा. लक्ष्मी रुसल्यास जबाबदारी अर्जदाराची.

(क) रानातली माणसे आता कारखान्यात बसून भाकरी खाऊ लागली आहेत. ती पचवायची कशी, चालावे किती, चहात साखर किती, हे दुखणे येण्याआधी सांगणारा कोणी नाही. येत्या एकादशीला कीर्तन संपल्यावर, लोक उठण्याआधी, डॉक्टरसाहेबांनी देवळात येऊन ते सांगावे. बुवांची संमती घेतली आहे.

(ड) तिथेच चार माणसांत त्यांनी शालनबाईला सांगावे की सोनबा खोटे बोलला नव्हता, आणि तिने नवऱ्याचे पथ्य जिवापाड सांभाळले होते. एकादशीपर्यंत ती धीर धरील असे वाटत नाही. हे कलम आधी झाले तर उपकार होतील.

यापुढे आपल्या हाताखालच्या कोणाही डॉक्टराच्या तोंडी रोग्याला उद्देशून "खोटं बोलतोस" असे येईल, तेव्हा साहेबांनी आमच्या सोनबाची आठवण करून द्यावी, आणि स्वतःही ठेवावी.

आपला नम्र,
दत्तोबा भिमाजी तापकीर
मौजे चऱ्होली
दिनांक : ५ नोव्हेंबर १९५६

सोबत : पुड्या दोन. एकीत मीठ, एकीत गूळ. दोन्हींवर नावे घातली आहेत.