तेरवीच्या पंगतीतलं विमान

अहो,

इतक्या वर्षांच्या संसारात तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. तुम्ही पवनीबाहेर राहिलात तरी कुठे? लग्नाचे फोटो काढायला भंडाऱ्याला गेलात, मोहाडीला गेलात, तरी दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा घरीच. आज लिहायला बसले, कारण आज मी जे केलं ते तुम्हाला माझ्या तोंडून सांगावंसं वाटलं. गावात ते वेगळंच करून सांगतील. एव्हाना सुरुवातही झाली असेल.

दुपारी दिगंबर आला होता. तुमच्या स्टुडिओशेजारचा मेडिकलवाला दिगंबर. चप्पल न काढता वर आला आणि मोबाइल माझ्या डोळ्यांसमोर धरला. त्यात तुमचा फोटो, भोवती झेंडूचा हार आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'कै. सदाभाऊ स्मृती वादविवाद. विषय: जगातलं पहिलं विमान कोणी उडवलं?' अध्यक्ष म्हणून तुमच्या जुन्या दोस्ताचं, वासुदेवभाऊजींचं नाव.

"वहिनी, घरातला मोठा फोटो द्या ना. येत्या रविवारी वाचनालयात हाय. स्टेजवर ठेवाले पाहिजे."

मला शिसारी आली. ज्या विमानाने तुमचे शेवटचे दिवस नासवले, त्याच विमानावर आता तुमच्या फोटोसमोर टाळ्या पडणार?

"फोटो मिळणार नाही," मी म्हटलं.

"नाही तं नाही. आमच्यापाशी हायच मोबाइलवर. तुमचा मान म्हणून इचारलं," म्हणाला आणि गेला.

तुम्हाला हे सगळं माहीत आहे, तरी मला एकदा पहिल्यापासून मांडू द्या. मांडल्याशिवाय माझाच विश्वास बसत नाही, की चांगली शिकलीसवरली माणसं एवढ्या थराला जाऊ शकतात.

स्टुडिओबाहेरच्या बाकावर तुम्ही आणि वासुदेवभाऊजी रोज संध्याकाळी बसायचात. तुम्ही फोटोवाले, ते मराठीचे मास्तर. त्यांची मुलगी मनीषा बारशाच्या दिवसापासून तुमच्या कॅमेऱ्यासमोर मोठी झाली. तुमच्यात भांडणाला कारणच नव्हतं. मग एके दिवशी ते कुठलंसं कात्रण घेऊन आले. अमेरिकेतल्या त्या दोघा भावांच्या आधी आपल्याच एका माणसाने मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं होतं, असं त्यात लिहिलं होतं.

"उडवलं असन," तुम्ही म्हणालात. "फोटो कुठी हाय?"

झालं. तिथून सुरुवात.

तुम्हाला फोटोचं एवढं वेड का, ते मला कळत होतं. जन्म त्यात गेला. त्या दोघा भावांच्या विमानाचा फोटो तुम्ही मोठा करून नवरा-नवरींच्या फोटोंमध्ये टांगला होता. एक भाऊ विमानात पालथा पडलेला, दुसरा बाजूला वाळूत थबकलेला. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तुम्ही सांगायचात, की हा फोटो ज्याने काढला त्या माणसाने त्याआधी आयुष्यात कॅमेरा हातात धरला नव्हता. "पहिल्याच फोटोत एवढं साधलं त्याले. मले चाळीस वर्षांत नाही साधलं." हे सांगताना तुमचा चेहरा किती छान दिसायचा. विमानापेक्षा तुम्हाला तो फोटो काढणाराच जास्त आवडत होता, हे त्या बाकावरच्या एकालाही का कळू नये?

वासुदेवभाऊजींचंही अगदी चूक नव्हतं. ते म्हणायचे, "गुलामीतल्या माणसाजवळ कॅमेरा कुठून येईन? ज्याच्यापाशी कॅमेरा, त्याचाच इतिहास खरा काय?" हे मला पटायचं. मी तुम्हाला तसं म्हटलंही होतं. तुम्ही पेपर तोंडासमोर धरलात.

मग तो मोबाइलवरचा ग्रुप आला. जुने वर्गमित्र म्हणून काढलेला, आणि पाहता पाहता विमानाचा आखाडा झाला. तुमचा मोतीबिंदू वाढला तसे सगळे मेसेज मलाच वाचून दाखवावे लागत. त्यामुळे स्वयंपाकघरात जन्म गेलेल्या या बाईलाही माहीत झालं, की ब्राझीलचे लोक त्यांच्या माणसाचं नाव घेतात. त्याचं विमान भर गर्दीसमोर, स्वतःच्या चाकांवर धावत उठलं म्हणे, आणि अमेरिकेच्या भावांना रूळ लागला. न्यूझीलंडचे लोक आणखी तिसऱ्याचं नाव घेतात. तो शेतकरी होता. त्याने स्वतःच सांगून ठेवलं, की पहिला मान त्या दोघा भावांचा. तरी त्याचे लोक काही ऐकत नाहीत. तुम्हाला आठवतं, हे वाचून दाखवताना मी हसले होते? म्हटलं, बिचाऱ्याच्या बाजूने भांडणारेच त्याचं ऐकून घेत नाहीत. तुम्ही म्हणालात, "ते लिव्ह ग्रुपवर." मी नाही लिहिलं.

आणि ती संध्याकाळ. मी डबा द्यायला स्टुडिओवर आले होते. तुम्ही बोट नाचवत म्हणत होतात, "फोटो नाही तं घडलंच नाही." भाऊजी हसून म्हणाले, "तुझ्या लग्नाचा बी फोटो नाही. मंग तुझं लग्न बी झालं नाही का?"

आपल्या लग्नाच्या फोटोंचा रोल तुमच्या दुसऱ्या एका दोस्ताने उजेडात उघडला होता, अख्खा गेला, हे साऱ्या पवनीला माहीत. मला तर हसूच आलं. पण तुम्ही उठून उभे राहिलात. "माह्या बायकोवर जाऊन राहिला तू?" म्हणालात आणि शटर ओढलंत. अहो, माझ्यावर कोण गेलं होतं? अपमान झाला असेल तर तो माझा होता ना? मग मला विचारायचं तरी होतं.

त्यानंतर तुम्ही त्यांच्याशी बोलला नाहीत. मनीषाच्या लग्नाला मोहाडीला गेला नाहीत. मी एकटीच एसटीने गेले. ती हळदीच्या अंगाने माझ्याजवळ आली. "काकू, काका काहून नाही आले?" मी म्हटलं, ताप आहे. तिने मान हलवली, पण तिला सगळं कळलं होतं. कोणीतरी भाड्याचा फोटोवाला तिला 'इकडं पाहा, तिकडं पाहा' म्हणत होता, आणि ती पुन्हा पुन्हा दाराकडे पाहत होती. त्या दिवशी मला पहिल्यांदा तुमचा राग आला. तो अजून गेलेला नाही, हेही लिहून ठेवते.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात तुम्ही होतात तेव्हा भाऊजी आले. दारातच उभे राहिले. तुम्ही डोळे उघडले, त्यांना ओळखलं. मी स्टूल सरकवलं. मग तुम्ही विचारलंत, "पोरगी बरी हाय ना सासरी?"

"बरी हाय."

"मी आलो नाही तिच्या लग्नाले."

"जाऊ दे ना, सदा."

बस, एवढंच. त्यांनी तुमच्या पायावरची चादर सारखी केली आणि बाहेर जाऊन डोळे पुसले. विमानाचा एक शब्दही निघाला नाही. मी तिथेच होते. खोलीत आपण तिघंच होतो. मला वाटलं, सुटलं एकदाचं. ज्या दिवशी तुम्ही गेलात, त्या दिवशीही त्या सगळ्या दुःखात मला एवढा एक आधार होता, की माणूस दोस्ताशी गोड होऊन गेला.

पण माणसं मेलेल्यालाही सोडत नाहीत हो.

तेरवीला अंगणात पंगत बसली होती. वडे, वांग्याची भाजी, बुंदी. तुमचा फोटो ओसरीवर ठेवला होता. आपला प्रशांत पुण्याहून आला होता, तो पाणी वाढत होता. मी वरणाची बादली घेऊन बाहेर आले, तर पंगतीत विमान सुरू. तोंडात घास आणि विमान. एक जण म्हणत होता, सदाभाऊ शेवटपर्यंत हटला नाही. त्यावर दिगंबर वडा मोडत म्हणाला, "कोण म्हणते? दवाखान्यात वासुदेवले सांगतलं त्यानं, तू खरा अन् मी खोटा. मानलं शेवटी."

मी बादली खाली ठेवली. सगळे भाऊजींकडे पाहायला लागले. मीही पाहिलं. मला वाटलं, आता ते म्हणतील, असं काही झालं नाही. ते पत्रावळीकडे पाहत राहिले.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "भाऊजी, म्हटलं का त्यांनी तसं?"

"वहिनी, तसं तोंडानं नाही म्हटलं... पण मनात असन त्याच्या."

अहो, मनात असेल? ज्या माणसाने तुमची चादर सारखी केली, त्याला चार माणसांत जिंकायला तुमच्या मनाचा आधार घ्यावा लागला. तुम्हाला बोलता येत नाही हे पाहून त्याने तुमच्या तोंडात शब्द घातले. मला त्या अन्नाची, त्या चावणाऱ्या तोंडांची, सगळ्यांची किळस आली.

मी म्हटलं, "उठा."

त्यांना कळलंच नाही. मी पुन्हा म्हटलं, "उठा भाऊजी. दिगंबर, तू बी उठ. ज्याले ज्याले इमानाचं बोलाचं हाय तो उठा. हे माह्या नवऱ्याची तेरवी हाय."

भरल्या पत्रावळीवरून माणूस उठवणं काय असतं ते मला माहीत आहे. तेरवीला तर कोणी वैऱ्यालाही उठवत नाही. भाऊजी उठले, हात न धुता गेले. त्यांच्या मागे अर्धी पंगत उठली. नातेवाइकांनी मला घरात नेलं. प्रशांत म्हणाला, "आई, काय केलंस हे? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोक म्हणतच आहेत बाळा, म्हणून तर उठवलं." तो रुसून दुसऱ्याच दिवशी पुण्याला गेला. अजून नीट बोलत नाही.

मला वाटलं होतं, निदान त्या दिवसानंतर तरी थांबतील. आणि आज हा वादविवाद.

दिगंबर गेल्यावर मी तुमचा मोबाइल घेतला. तुमच्या जाण्याच्या बातमीखाली सगळ्यांनी हात जोडले होते, फुलं टाकली होती, आणि त्याच फुलांखाली पुन्हा चौपाटी, पुन्हा अमेरिका सुरू होतं. सुतक तरी पाळावं माणसाने. मी आजवर त्या ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. आज लिहिलं. 'मी सुमन, सदाभाऊंची बायको. दवाखान्यात मी हजर होते. ते विमानाचं काही बोलले नाहीत. त्यांनी वासुदेवभाऊजींच्या मुलीची चौकशी केली. ते हरले नाहीत, जिंकलेही नाहीत. त्यांच्या नावाने कार्यक्रम करू नका.'

मग एकाने लिहिलं, 'वहिनी, हा ग्रुप फक्त वर्गमित्रांसाठी आहे.' आणि थोड्या वेळाने दिगंबरने तुमचा नंबर ग्रुपमधून काढून टाकला. तुमच्या नावाने वादविवाद, आणि तुम्हीच बाहेर. यावर हसावं की थुंकावं, तुम्हीच सांगा.

दिवेलागणीला फाटक वाजलं. वासुदेवभाऊजी होते. किती वाळलेत हो. पायरीच्या खालीच उभे राहिले.

"वहिनी, मी ग्रुप सोडला. अध्यक्ष बी नाही होत म्हणून सांगतलं त्याहिले. ते दुसरा कोणी पाहून राहिले."

"बरं."

"माफ करा मले."

"मले कायले म्हणता? ज्या लोकाइसमोर गप्प बसले, त्या लोकाइले सांगा."

"ते येडा म्हणतीन मले. म्हणतीन, बाईच्या धाकानं फिरला."

"म्हणू द्या ना."

त्यांनी पाणी मागितलं. मी दिलं. तांब्या पायरीवर ठेवून ते गेले. जाताना त्यांचा हात फाटकाची कडी शोधत होता, त्यांनाही आता कमीच दिसतं वाटतं. मला वाईट वाटलं. पण मी त्यांना बसा म्हटलं नाही.

रविवारी कार्यक्रम होईल. तुमचा फोटो स्टेजवर असेल, मोबाइलवरून मोठा केलेला, अंधूक. मला हे सगळं थांबवता येणार नाही. मी जाणारही नाही.

तुम्हाला एवढाच शब्द देते. पहिलं विमान कोणी उडवलं, ते मला माहीत नाही, आणि तुमच्या वतीने मी एका बाजूचंही नाव घेणार नाही. कोणी घेतलं तर जागच्या जागी खोडून काढीन, मग तो आपला प्रशांत का असेना. आणि भाऊजी पुन्हा आले तर त्यांना पाणी देईन, दर वेळी देईन. पण ज्या दिवशी ते भर बाजारात त्या माणसांसमोर म्हणतील, 'सदा तसं बोलला नव्हता, मीच खोटा,' त्या दिवशी मी त्यांना घरात बोलावीन आणि ताट वाढीन. तोवर त्यांची जागा पायरीखाली.

तुमची,
सुमन