माझी लायबलची केस

३ मार्च, सोमवार
लॉन्ड्रीत चादर अडकली की एकाने लाल बटण दाबून धरायचं, म्हणजे इस्त्रीचा रोलर थांबतो. दुसऱ्याने हात घालून चादर काढायची. आज सुपरवायझरने बोर्डावर कागद लावला. माझ्या नावानिशी. 'हा बटण सोडून फोनवर बोलत होता, म्हणून जोडीदाराचा हात गेला.' सगळे वाचतात, मग माझ्याकडे बघतात. मला काढणार म्हणे. सोडणार नाही त्याला.

४ मार्च
खोलीतला ड्रायव्हर वकिलाची गाडी चालवतो, म्हणजे निम्मा वकीलच. म्हणाला, ही तर लायबल! खोटं लिहून चारचौघांत अब्रू घालवली की लायबल. तोंडी बोललेलं त्यात धरत नाहीत. शब्द पाठ केला. केस टाकणार. सुपरवायझर पाय धरेल.

५ मार्च
कँटीनवाला म्हणाला, आला बघा हातखाऊ. म्हटलं, हिंमत असेल तर लिहून दे. त्याने वाढलंच नाही. उपाशी. पण कायदा कळायला लागलाय.

७ मार्च, सकाळी
ड्रायव्हर आता म्हणतो, लिहिलेलं खरं निघालं तर लायबल टिकत नाही. हे आधी सांगायला काय झालं होतं? नीट विचार केला. कागदावर 'बोलत होता' आहे. बोलत आई होती. मी नुसता ऐकत होतो. म्हणजे खोटंच. शिवाय आत रेंज नसते, दाराशी जावंच लागतं.

संध्याकाळी
साक्षीदार हवा म्हणे. तो एकच, जोडीदार. ड्रायव्हर म्हणाला, पण चूक त्याची ठरली तर त्याची भरपाई बुडेल रे. बघू. आधी अब्रू.

९ मार्च, रविवार
हॉस्पिटल. उजवा हात मनगटापासून नाही. बायकोला अजून कळवलं नाही म्हणाला. त्याला लायबल समजावली. म्हटलं, मी बटण सोडलं नव्हतं एवढंच लिहून दे, नोकरी वाचेल. तो म्हणाला, मला कुठलं लिहिता येतंय आता, तूच लिही, मी अंगठा देतो. आणि हात कसा गेला विचारतील, तर लिही, चालू मशीनमध्ये मीच घातला.

लिहायला घेतलं. त्याचं नाव लिहिलं. 'याने स्वतःच्या चुकीने' इथपर्यंत आलो. पुढे अक्षर येईना. शाळा कमी पडते माझी. पेन चालत नाही म्हटलं.

तर म्हणतो, भावा, नर्सकडे आहे दुसरं, मागू का?