सिंगापूरला दोन रात्री, पर्थला एक

मंगळवार, २७ जाने.
रविवारची नोंद चुकली आहे. मी लिहिलं होतं, "आईने सोबतीला ताईच्या सासूबाईंना, सुधाकाकूंना निवडलं." तसं झालं नाही. ऑकलंडहून व्हिडिओ कॉलवर ताई म्हणाली, "सासूबाईंचाही व्हिसा आलाय. दोघी एकत्रच या ना. मुग्धाला कशाला उगाच सुट्टी?" आईने फोनवरची नजर काढून माझ्याकडे बघितलं. आणि मी म्हणाले, "जा की. छानच." हे मी म्हणाले. आई काहीच बोलली नव्हती.

बाबांच्या कंपनीत लॉगबुकातली चूक खोडायची नसे. एक रेघ मारायची, शेजारी खरं लिहायचं, खाली सही. शाळेत जायच्या आधी त्यांनी मला घरीच लिहायला शिकवलं, त्याबरोबर हेही. रेघ मारली. सही केली.

छानच! कुठून आलं तोंडात?

गुरुवार, २९ जाने.
सेठजींनी दुकान उघडल्या उघडल्या विचारलं, "बेटा, सुना तू नहीं जा रही? तेरा नाम निकालूँ?"
म्हटलं, थोडा रुकिए.
"अगले शुक्कर तक। उसके बाद एअरलाइन मेरी भी नहीं सुनेगी, समझी?"

उल्हासनगरच्या या दुकानात पाच वर्षं लोकांची तिकिटं काढतेय. कुणाचा प्रवास इतका निगुतीने बांधला नव्हता. आईच्या पायात गुठळी झाली होती. डॉक्टर म्हणाले, सलग सहा-सात तासांच्या वर बसायचं नाही. म्हणून तुकडे पाडले. मुंबई ते सिंगापूर, दोन रात्री. सिंगापूर ते पर्थ, एक रात्र. मग ऑकलंड. सिं.चं हॉटेल बागेजवळचं, आईला चालता यावं म्हणून. पर्थला खोलीत केटल आहे, हे फोन करून विचारलं. मी तिला पोचवून आठवड्याने परत येणार होते.

खरं लिहायचं तर ताईकडचा आठवडा मला नकोच होता. तिथे ती ताईची आई. ताईचं दुखणं, ताईची बारावी, ताईचं लग्न, आता ताईचं बाळंतपण. मला तीन रात्री हव्या होत्या. वाटेतल्या.

रविवार, १ फेब्रु.
काकू सकाळी अंबरनाथच्या पालेगावहून आल्या. आईचे घट्ट मोजे चढवायला शिकायला. विमानात बसायच्या आधी कुणीतरी चढवायला हवेत ना. मीच शिकवलं. टाच आधी, मग वर, सुरकुती राहू द्यायची नाही. पहिल्यांदा अडलं. दुसऱ्यांदा सर्रकन.
आई म्हणाली, "अगंबाई, काय हलका हात आहे हिचा! मुग्धा तर पोतं शिवल्यासारखी ओढते."
तिघी हसलो. मीसुद्धा.
वर्षभर रोज सकाळी मी चढवतेय.

मग दोघी कुर्ते आणायला उल्हासनगर कॅम्पातल्या बाजारात गेल्या. आईने जन्मात साडीशिवाय काही घातलं नाही. मी दोनदा म्हणाले होते, प्रवासात बरं पडेल, तर "या वयात शोभतं का?" आज दोन घेऊन आली, एक चक्क पोपटी. घालून आरशासमोर उभी राहिली आणि विचारलं कुणाला, तर "सुधा, लांबी बरोबर आहे का गं?"
सुधा. गेल्या रविवारपर्यंत विहीणबाई होत्या.

पोपटी तिला शोभतो. हेही लिहायला हवं.

मंगळवार, ३ फेब्रु.
आईने कालनिर्णयावर बोट ठेवलं. सिं.हून निघायच्या दिवशी, १७ला, अमावास्या. मी तारखा काढताना घरून निघायचा दिवस बघितला, मधला बघितलाच नाही. आई म्हणाली, "मुक्काम केला म्हणजे तिथून निघणं हे निघणंच. अमावास्येला मी पाऊल उचलणार नाही."
मला बरं वाटलं. वाटलं, मोडतंय. बुधवारच्या विमानात जागा आहेत हे मला माहीत होतं, पण लगेच बोलले नाही. तेवढ्यात आईने काकूंना फोन लावलाही होता. स्पीकरवर.
"अहो त्यात काय, प्रस्थान ठेवू! शुक्रवार चांगला आहे. तुमचं बोचकं माझ्याकडे पालेगावला आलं की प्रवास तेव्हाच सुरू झाला. मग मधल्या अमावास्येचं काही नाही."
"हे कसं सुचलं नाही गं मला! तुझ्याकडेच ठेवू."
बाबा पेपरामागून म्हणाले, "म्हणजे पहिला स्टॉपओव्हर पालेगाव. कितव्या मजल्यावर?"
आई इतकी हसली की ठसका लागला.

बोचक्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि जाणाऱ्याची रोजच्या वापरातली एक वस्तू. पोचवायचं मी. कामावर जाता जाता.

बुधवार, ४ फेब्रु.
बाबांनी विचारलं, "काय झालंय? भाजीत दोनदा मीठ पडलं."
सांगितलं. सगळं नाही.
"मग तिघी जा. हाय काय नाय काय."
तिघींचं तिकीट निघेल. व्हिसा माझाही आहे. सेठजी रजा देतील. पण तिघी म्हणजे बागेत त्या दोघी पुढे आणि मी पिशवी घेऊन मागे. मला तिघी नको आहेत.
काकूंचे पाय ठणठणीत आहेत. त्यांना थांबे लागतच नाहीत, एका दमात ऑकलंडला पोचतील. हे मी त्यांच्या सोयीचं म्हणून सांगू शकते. सांगितलं तर ते खोटं नाही. खरंही नाही.
आणि त्या दुखावल्या तर ते ताईला भोगावं लागेल, तेही या दिवसांत. हे कळतं. कळूनही…

गुरुवार, ५ फेब्रु.
आई दुपारभर बोचकं बांधत होती. आधी कंगवा घातला, काढला, मग रोजचा रुमाल घातला. मला म्हणाली, "तू चिडलीयेस का माझ्यावर?"
"नाही."
"मग त्या दिवशी जा का म्हणालीस लगेच? मला वाटलं, तुलाच यायचं नाही. मुलींना कंटाळा येतो म्हाताऱ्यांबरोबर."
तेव्हाच बोलायला हवं होतं. दारात दूधवाला आला. मी भांडं घेऊन उठले.

संध्याकाळी काकूंचा मेसेज : उद्या ये गं, तुझ्यासाठी शिरा करतेय. किती चांगल्या आहेत. चांगल्या नसत्या तर सोपं गेलं असतं.

सोयीचं-बियीचं काही बोलायचं नाही. सरळ सांगायचं : आई, मला यायचंय, तुझ्याबरोबर, मी एकटीच. ती काकूंना नाही म्हणणार नाही, असं मला वाटतं. कदाचित मलाच नाही म्हणेल. तरी विचारायचं. बोचकं पालेगावला पोचायच्या आत, सेठजींनी नाव काढायच्या आत.

उद्या. शुक्रवार, ६ फेब्रुवारी.