हिरवळीच्या कडेचा बांध

मी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा बेसबॉलच्या मैदानाची देखभाल, तीही एकाच मैदानाची अडतीस वर्षे, हे मृत्युपत्र अवजारांच्या खोलीत बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत असे वकील म्हणाले. कोणाची जबरदस्ती नाही. वीट मात्र भरपूर आलेला आहे.

१. राहते घर आणि बँकेत असेल नसेल ते सगळे बायकोचे. यावर कोणी तोंड उघडू नये, खास करून तिच्या भावाने.

२. मोठे दंताळे, पाण्याचा पाइप आणि माती ठोकायचा धुमस थोरल्या मुलाला. त्याला मैदानात काडीचा रस नाही, ठाऊक आहे. निदान गंजू देऊ नये.

३. खेळाडूंना काहीही ठेवत नाही. बाकाखाली सूर्यफुलाच्या बियांची टरफले थुंकतात, च्युइंगगम फळीला चिकटवतात, ते मी पत्र्याच्या तुकड्याने खरवडतो. शिसारी येते. चेंडू फेकणारा पिचर आपल्या उंचवट्यावर टाचेने खड्डा पाडतो, बॅटवाला होमप्लेटशेजारी कोंबडीसारखा उकरतो. मी संध्याकाळी ओली चिकणमाती भरून ठोकायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पाऊस थांबला की कोच खराटा घेऊन डबके झाडायला निघतो. पाण्याबरोबर माती जाते, खड्डा खोल होतो, पुढच्या वेळी डबके आणखी मोठे. स्पंजने टिपा, हे सांगून जीभ झिजली. पालथ्या घड्यावर पाणी.

४. मेहुणा, म्हणजे मैदानाच्या कमिटीचा सेक्रेटरी. ट्रॅक्टरमागे लोखंडी जाळी बांधून मैदानाचा मातीचा भाग सपाट करायची याला भारी हौस. जाळी हिरवळीच्या हातभर अलीकडे थांबवून उचलायची असते. हा शहाणा सरळ गवतावर नेतो. मग कडेला माती साचून बोटभर बांध होतो आणि सरपटत आलेला चेंडू त्यावर आपटून तोंडावर उडतो. म्हणून ती माती रोज झाडूने मागे ओढावी लागते. अठरा वर्षांपूर्वी हे त्याला समजावले, तर म्हणाला, "भावोजी, माती तर आहे. तिचं काय एवढं कौतुक?" तो झाडू मी त्याच्या नावे करतो.

५. हे कलम लिहायचे म्हणूनच बाकीची लिहिली. मेहुण्याच्या त्या बोलण्याने माझे डोके फिरले. ज्याने घाण केली त्याने निस्तरावी, म्हणून अकरा दिवस मी कडेला हात लावला नाही. बांध वाढताना बघत होतो आणि बरे वाटत होते. बाराव्या दिवशी सामना होता. माझी धाकटी, तेव्हा वय सोळा, दुसऱ्या बेसपाशी चेंडू अडवायला उभी. चेंडू सरपटत आला, बांधावरून उडाला, तिचे पुढचे तीन दात गेले. मेहुणा म्हणाला, "पोरीची नजर हटली." कोचनेही मान डोलावली. तोंडावर टॉवेल धरून धाकटीने मला विचारले, "बाबा, हटली का हो माझी नजर?"

मी म्हणालो, "हटली असेल गं."

आज ती चौतीस वर्षांची आहे. मैदानावर पुन्हा आली नाही. हसताना तोंडावर हात धरते आणि स्वतःच्या लेकीला सांगते, "मी पहिल्यापासून धांदरट, मला खेळ जमलाच नाही." ते ऐकले की मला माझीच किळस येते. टरफलांची त्यापुढे काहीच नाही.

धाकटे, तुझी नजर हटली नव्हती. तू अगदी बरोबर वाकली होतीस, मी पाहत होतो. चूक माझी, आणि खोटे बोललो तोही मीच.

हे कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. सह्या झाल्या की दुसऱ्या साक्षीदाराने याची प्रत आजच तिच्या घरी पोचवावी.

स्थळ: अवजारांची खोली, मैदानाची मागची बाजू
दिनांक: चौदा ऑक्टोबर, मंगळवार

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार पहिले, वकील: माझ्यासमोर वाचून सही केली. (सही)

साक्षीदार दुसरे, गवताच्या बियाण्याचे दुकानदार: माझ्यासमोर सही केली. प्रत मात्र माझ्याकडे दिलेली नाही. "राहू दे, मीच जातो," म्हणाले आणि चपला घालून निघाले. (सही)